सी ऑप्शन गुड्डीचा

आमच्या क्लासमध्ये चुकीची उत्तरं तयार करायला एक माणूस पगारावर ठेवला होता, असं मी सांगितलं की लोक हसतात. हसोत बापडे. राजापेठेत साड्यांच्या दुकानाच्या वर आमचा क्लास होता आणि त्याच्या अगदी मागच्या, खिडकी नसलेल्या खोलीत बसून ऑप्शनवाले सर दिवसभर तेच काम करायचे. मेडिकल-इंजिनिअरिंगच्या परीक्षांत प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं दिलेली असतात आणि त्यातल्या एकाचा गोल काळा करायचा असतो. आता, प्रश्न कोणीही काढतो. बरोबर उत्तर पुस्तकात असतंच. पण त्याच्या शेजारी तीन खोटी उत्तरं अशी बसवायची की हुशार पोरानेही पेन हातात धरून थबकावं, हे अख्ख्या अमरावतीत त्यांच्याइतकं कोणाला साधत नव्हतं.

मी त्याच क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचे. दोन तासांच्या मधल्या वेळात शिक्षकांच्या खोलीतल्या गप्पा मला सोसायच्या नाहीत, कारण तिथे फक्त कोणाच्या बॅचचा रिझल्ट किती हाच विषय असायचा. म्हणून मी डबा घेऊन मागच्या खोलीत जायचे. सर भातकुलीहून जुन्या स्कूटरवर यायचे. घरची काळी जमीन होती, ती धाकटा भाऊ बघायचा. हे तेवढे शिकून फिजिक्सचे एम.एस्सी. झाले. उंच, थोडे वाकलेले, शर्टाची एक बाही दुमडलेली आणि दुसरी तशीच. एकदा मी ते दाखवून दिलं, तर म्हणाले, "मले मालूम हाय मॅडम. कोणती बरी दिसते ते अजून ठरलं नाही."

चहावाल्याशी त्यांचं रोजचं भांडण असे. तो दारातून ओरडायचा, "सर, कट का फुल?" सर मान वर न करता म्हणायचे, "तिसरं काय हाय?" "तिसरं काहीच नाही ना सर!" "मंग सोच थोडंसं." एक दिवस त्या बिचाऱ्याने वैतागून कटच्या ग्लासात बिनदुधाचा, अद्रक ठेचलेला काळा चहा आणून टेबलावर आदळला. "हे घ्या तुमचं तिसरं!" सर त्या ग्लासाकडे असे बघत राहिले की मला वाटलं आता रडतात. तेव्हापासून ते तोच चहा प्यायले. खरं तर दुधाचा चहा त्यांना जास्त आवडायचा, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

आधी ते शिकवायचेही. मुलांना आवडायचे, पण एका प्रश्नावर तास काढायचे. क्लासच्या संचालकांनी शेवटी हात जोडले. "सर, डिसेंबरपर्यंत पोर्शन संपला पाहिजे. बाकी सगळं नंतर." असं म्हणून त्यांना मागच्या खोलीत पेपर काढायला बसवलं. सरांनी ती शिक्षा आहे असं मानलंच नाही. ते म्हणायचे, खोट्या उत्तरात तीन जाती असतात. "ए आळशी पोट्ट्यासाठी. बी घाई करणाऱ्यासाठी. आन् सी, मॅडम, जो इचार करते त्याच्यासाठी." छापताना कॉम्प्युटर उत्तरांची अदलाबदल करायचा, पण आमच्या बोलण्यात ते उत्तर कुठेही असलं तरी सीच राहिलं. सीला फसलेला मुलगा त्यांना फार आवडायचा. त्याला ते मागच्या खोलीत बोलवायचे. पोरगं घाबरत यायचं आणि सर विचारायचे, "हे तुले असं काहून वाटलं रे?" ज्याने काही नवीन कारण सांगितलं त्याला खिशातली एक संत्रा गोळी मिळायची. ज्याचं उत्तर बरोबर यायचं तो कौतुकाने पेपर दाखवायला आला, तर मात्र सर नुसते "मंग?" म्हणायचे. कोणाच्याही उत्तराला 'बरोबर' म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

या गोळीपायी एकदा मोठा तमाशा झाला. शहरातले एक नावाजलेले वकील थेट मागच्या खोलीत घुसले. मी डबा उघडून बसले होते, तो तसाच राहिला. "माझा मुलगा चुकून येतो आणि वर गोळी खाऊन येतो," ते म्हणाले. "घरी आनंदात असतो! चुकल्याचा आनंद होतो त्याला! हे काय चाललंय तुमचं?"

सर उठून उभे राहिले. वडीलधाऱ्यांपुढे राहावं तसे. "वकीलसाहेब, त्यानं जे कारण सांगतलं ते मले सुचलं नोयतं. तुमी कोर्टात काय करता? समोरच्याले जे सुचलं नाही तेच सांगता ना? त्याची तं तुमी फी घेता. मी एक गोळी देल्ली."

मला हसू आवरेना. वकिलांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी मुलाला दुसऱ्या क्लासमध्ये घातलं आणि संचालकांनी गोळ्या बंद केल्या. सर ते मुकाट्याने ऐकून आले. त्या दुपारी पहिल्यांदा त्यांना उदास बसलेलं मी पाहिलं. मग म्हणाले, "मॅडम, याच्यापुढं बरोबर उत्तर सांगाले माणूस कायले लागन? ते मशीन सांगन. कोणालेच सुचलं नाही ते ज्याले सुचते, त्याचंच काम राहीन. आन् आपन तेच पोट्टे वर्षभर घासून घासून गुळगुळीत करून राहिलो." मी म्हटलं, "सर, पगार त्याचाच मिळतो." "मिळते ना," ते म्हणाले, आणि पुढच्या प्रश्नाला लागले.

त्यांचे सी कुठून येतात, हे मला त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा समजलं. वहिनींनी तुरीच्या डाळीचं वरण आणि ज्वारीची भाकर केली होती. जेवायला सोबत गुड्डी, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा चौथी-पाचवीत असेल. एक वेणी सुटलेली, तोंडात घास. सरांनी जेवताजेवता अगदी सहज विचारलं, "गुड्डी, गोटा वर फेकला. गेला, गेला, एकदम वर गेला. आता त्याले काय वाटत असन?"

गुड्डीने भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला आणि वर आढ्याकडे बघितलं. तिथे गोटा असावा अशी. मग म्हणाली, "तो तिथं थोडा इचार करते पप्पा. खाली जाऊ का नको जाऊ. मंग त्याले एकट्याले भेव वाटते, आन् येते खाली."

सरांनी जेवण थांबवलं. तिच्याकडे ते ज्या नजरेने बघत होते तशी नजर मी देवळातही फार कमी पाहिली आहे. "माय माह्यी!" एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारच्या पेपरात प्रश्न आला. सर्वांत वर पोचलेल्या दगडावर किती बल काम करतं? आणि सीमध्ये, कोरड्या इंग्रजीत, असं काहीसं होतं: त्या क्षणी दगडावरचं एकूण बल शून्य असतं. खरं तर पृथ्वीची ओढ तिथेही सुटत नाही, ती दगडाला खेचतच असते. पण अर्धी बॅच सीवर पडली. हुशार मुलं तर रांगेने पडली. दगड वर जाऊन थोडा थांबून विचार करतो, असं त्यांनाही कुठेतरी आत वाटत होतंच. फक्त ते इतकं सरळ बोलून दाखवणारी गुड्डी होती.

मग मी दर सोमवारी विचारायचे, "काल काय म्हणाली?" आरशात डावं-उजवं उलटं होतं, मग वर-खाली का होत नाही? गुड्डीचं उत्तर: कारण आपले डोळे आडवे लावलेत; एकावर एक असते तर माणूस उलटा टांगलेला दिसला असता. मी स्वतः त्यावर दोन मिनिटं अडकले होते. रात्रीच्या जेवणाला भातकुलीत एक पोरगी काहीतरी बोलायची आणि राजापेठेत वयाने तिच्याहून मोठी पोरं डोकं धरून बसायची. सर म्हणायचे, "सी माह्या नाही मॅडम. सी गुड्डीचा हाय." तिला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. पप्पा पेपर काढतात एवढं तिला ठाऊक होतं. पप्पा आपल्याला रोज विचारतात आणि आपण सांगितलेलं लिहून घेतात, याचा तिला अभिमान होता.

गुड्डीची सातवी संपली तेव्हा संचालकांनी त्यांना सुचवलं की अकोल्याच्या शाखेत आठवीपासूनच तयारी करून घेणारी फाउंडेशनची बॅच आहे, स्टाफच्या मुलीला तिथे जागा आहे, होस्टेलही आहे. मला वाटलं सर हसून सोडून देतील. सरांनी नाव घातलं.

मी भांडले. सरळ भांडले. "सर, तुम्हीच म्हणता पोरं गुळगुळीत होतात. आणि त्या पोरीला तुम्ही तिथे पाठवता? तिच्यासारखं डोकं क्लासमध्ये एकाचं नाही."

ते टेबलावरचा पेपर उगाच सरळ करत होते. "म्हणूनच," ते म्हणाले. "मॅडम, तिच्या डोक्यानं मी इतके वर्ष पोट्टे पाडले. ते डोकं पेपरले बसलं तं त्याले किती मार्क भेटतीन, ते माह्यापेक्षा जास्त कोणाले मालूम हाय? एका सीले एक मार्क कटते. सारे सी तिचेच हायेत." मग म्हणाले, "दुसऱ्याच्या पोट्ट्याले मी गोळी देल्ली. माह्या पोरीले गोळीवर नाही जगता येत."

मी डबा उचलून तासाला गेले. त्यांचं म्हणणं चूक होतं असं मी छातीठोकपणे म्हणू शकले असते तर या माणसाची आठवण मला इतकी छळली नसती.

त्याच वर्षी माझ्या नवऱ्याची बदली अकोल्याला झाली आणि मीही त्या शाखेत गेले. गुड्डी माझ्या डोळ्यांसमोर आली. वेण्या जाऊन केस बारीक कापलेले, गळ्यात ओळखपत्र, दुसऱ्या बाकावर. अकोल्याच्या उन्हात कूलरचा आवाज एवढा की शिकवताना घसा बसायचा. पेपर मात्र अमरावतीहून तयार यायचे, प्रश्नपेढीतून. म्हणजे सरांचेच.

पहिल्या महिन्यातल्या एका चाचणीला मी वर्गात उभी होते. गुड्डीने मान वर केली आणि हसली. पेपर वाचताना कोणी ओळखीचं माणूस भेटल्यासारखी. मग भराभरा गोल काळे केले. दुसऱ्या दिवशी निकाल लागला तेव्हा ती शेवटच्या पाचांत होती. सुटी झाल्यावर पेपर घेऊन माझ्याकडे आली. दगडाच्या प्रश्नावर बोट ठेवलं, आरशाच्या प्रश्नावर ठेवलं, आणखी कुठे कुठे ठेवलं.

"मॅडम, हे तं मी म्हटलं होतं. हे बी मीच. हे पप्पायनं लिहिलं, मंग चूक कसं?"

मी समजावायचा प्रयत्न केला. खोटी उत्तरं का लागतात, चांगलं खोटं उत्तर सुचणं किती कठीण असतं, तिच्या पप्पांना तिच्या डोक्याचं किती कौतुक आहे. बोलता बोलता माझं मलाच ते पोकळ वाटायला लागलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे पप्पा मले रोज चूक सांगाले विचारे? मले वाटे मी बरोबर सांगून राहिली." रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ओढणीने पेपरवरचा घामाचा डाग पुसला आणि म्हणाली, "तुमी पप्पायले नका सांगजा, मले समजलं म्हणून."

मी नाही सांगितलं. तिचा शब्द मोडवला नाही.

आमच्या अकोल्याच्या फिजिक्सच्या सरांची एक पद्धत होती. ते मुलांना सांगायचे, "जे उत्तर वाचून 'अरे, खरंच की' असं वाटतं, ते सी. ते आधी खोडा. मग बाकीचं बघू." सगळी मुलं ते शिकली. गुड्डी सगळ्यांत लवकर शिकली, कारण तिला सी शोधावा लागतच नव्हता. पेपर हातात आला की ती आपलीच वाक्यं ओळखायची आणि पेन्सिलीने एकेक रेघ मारत जायची. नंतरनंतर ती ओळखीचं हसणंही बंद झालं.

सरांचा फोन दर रविवारी यायचा. इकडचं तिकडचं बोलून मग विचारायचे, "काही चुकते का पोरगी?" आई-बाप हे काळजीने विचारतात. सरांच्या आवाजात आशा असायची. मी सांगायचे, "नाही सर. छान चाललंय. परवा तर वर्गात पहिली आली." पलीकडून ते मग "हो का? चांगलं हाय, चांगलं हाय," म्हणून ठेवून द्यायचे. सुट्टीत ती घरी गेली की ते जेवताना काहीबाही विचारायचे, आणि ती पुस्तकातलं उत्तर देऊन ताट उचलायची, हे वहिनींनी मला सांगितलं. हळूहळू त्यांच्या पेपरातही ते दिसायला लागलं. सी ढिले पडले. मुलं फसेनात. संचालकांच्या ते लक्षात आलं.

मग क्लासमध्ये सॉफ्टवेअर आलं. विषय टाकायचा की ते ऑप्शनसकट ढीगभर प्रश्न काढून देतं. सरांना आधी पर्यवेक्षणाला लावलं, मग एका वर्षाने नम्रपणे घरी बसवलं. मी अमरावतीला गेले होते तेव्हा ते आपलं सामान आवरत होते. सामान म्हणजे एक डबा, चष्म्याचं घर आणि काळ्या चहाचा तो ग्लास. मशीनने काढलेला एक पेपर त्यांनी माझ्यापुढे धरला. "चुका ठीक हायेत मॅडम. पण अशी चूक करणारं पोट्टं मी कधी पायलं नाही." मी मशीनला चार शिव्या घातल्या. ते मान हलवत राहिले. "त्याच्यावर कायले चिडता? त्यानं मले नाही काढलं. माह्याजवळच काही उरलं नोयतं."

बारावीच्या आधी गुड्डी एकदा माझ्या घरी आली होती. मी पोहे केले होते. खाताखाता आपणहून म्हणाली, "मॅडम, मले आधी लय काही वाटे. कोणतीबी गोष्ट पायली का डोक्यात काही ना काही ये. आता नाही येत. बरंच हाय. पेपर लवकर होते." मी तिच्या ताटलीत आणखी पोहे वाढले. दुसरं काय करणार होते? मला इतकं वाईट वाटलं की नवऱ्याला मी ते आठवडाभर सांगू शकले नाही.

यंदा निकाल लागला. गुड्डीला सरकारी मेडिकल कॉलेज मिळालं. राजापेठेत क्लासने मोठा फलक लावला, त्यावर मधोमध तिचा फोटो. मी पेढे घेऊन भातकुलीला गेले. अंगणात शेजारपाजारचे येऊन जात होते, सरांचा भाऊ सगळ्यांचे हात हातात घेऊन सांगत होता की आमच्या घरातली पहिली डॉक्टर. त्या आनंदात खोटं काही नव्हतं, हेही सांगायला हवं. पोरीने कष्ट केले होते. सर खुर्चीत बसून सगळ्यांना नमस्कार करत होते. आता त्यांच्या दोन्ही बाह्या खाली सोडलेल्या होत्या.

पाहुणे गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. तेच वरण, तीच भाकर. गुड्डी वाढत होती. दोन दिवसांनी ती कॉलेजला जायची होती. सर बराच वेळ घास नुसता चिवडत होते. मग अगदी सहज, पूर्वीसारखं विचारलं, "गुड्डी, गोटा वर फेकला. गेला, गेला, एकदम वर गेला. आता त्याले काय वाटत असन?"

वहिनींचा हात थांबला. मी ताटाकडे बघायला लागले.

"ऑप्शन सांगा ना पप्पा," गुड्डी म्हणाली.

"ऑप्शन नाही बेटा. ऑप्शन काहीच नाही. तुले काय वाटते ते सांग."

तिने आढ्याकडे बघितलं नाही. त्यांच्या ताटात गरम भाकर ठेवली, तिच्यावर तूप सोडलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, रुसवाही नव्हता.

"मले जे वाटते ते सी असते पप्पा. ते पह्यले खोडा लागते."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला हे आधीपासून ठाऊक होतं हे त्यांना माझ्या तोंडावर दिसलं असावं. भाकरीवरचं तूप हळूहळू ताटात उतरत होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि मान डोलावली.

"बरोबर," ते म्हणाले.